दोन बोटं गाळ

पहाटे पुन्हा तो वास आला.
आधी कुत्री उठली, मग कुइसेबमुंडच्या गल्लीतले दिवे,
मग ताते खोकत म्हणाले,
समुद्र ढेकर देतोय.
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबला
तरी नासक्या अंड्यांचा तो वास
पिठाच्या डब्यापर्यंत पोचलाच.

उजाडलं तेव्हा किनाऱ्यावर शेवंडं.
हजारो. पाण्याकडे पाठ करून
मिशा हलवत वाळूवर चढलेली,
खाली कुणी घर पेटवून द्यावं तशी.
पोरांनी बादल्या भरल्या.
चर्चमधला चांदीचा पेला काळा पडला
म्हणून हिलारिया काकू राख घेऊन बसल्या.

मला पगार मिळतो तो ह्याच वासाचा.
जहाजावरून लांब नळी सोडतात,
ती तळात रुतते, गाळ थरांसकट उचलते,
आणि मी तो कापतो, साबणाच्या वड्या पाडाव्यात तसा.
हिरवट काळा. बोटाला लोणी.

दक्षिणेचा वारा किनाऱ्याजवळचं पाणी
लांब हाकलतो,
आणि रिकाम्या जागेत खालून येतं
थंड, खतावलेलं पाणी.
मग उजेडात रान माजतं,
काचेच्या कवचातलं, एकेका पेशीचं.
खाल्लं जातं तेवढं जातं,
उरलेलं मरून पडत राहतं,
भुरभुर, रात्रंदिवस,
वर कुणीतरी चाळण हलवत बसल्यासारखं.

कुजायलाही श्वास लागतो.
तो वरच्यावरच संपतो.
अन्नाचा सुकाळ, म्हणून श्वासाचा दुष्काळ;
म्हणून तळाशी काहीच धड सरत नाही.
गाळात पांढऱ्या मण्यांची सर सापडते,
नुसत्या डोळ्यांना दिसणारे जिवाणू.
आम्ही त्यांना मोती म्हणतो.
बाजारात कुणी विचारत नाही.

ताते कधी प्रयोगशाळेत आले नव्हते.
आज आले, हातात शेवंडांची पिशवी, ठिबकणारी.
म्हणाले, माझं वर्ष दाखव.
कुठलं?
भोंगा वाजायचा थांबला ते.

उत्तरेहून आले तेव्हा करारावर अंगठा,
मग बावीस हंगाम
सार्डिनची डोकी उडवत पट्ट्याशेजारी उभे.
मग एका हंगामात जाळी नुसतं पाणी घेऊन परतली.
बायकांनी एप्रन घडी करून बाकावर ठेवले,
उद्या लागतील म्हणून.

मी फूटपट्टी लावली.
वर्षाला मिलिमीटर, दीड मिलिमीटर, धरून चाला.
आलात ते साधारण इथं. भोंगा थांबला तो इथं.
मधे दोन बोटं.
त्यांनी आपली दोन बोटं शेजारी धरून पाहिली,
एकाचं पेर यंत्रानं नेलेलं.
रुंदी जुळली.

चिमट्यानं एक खवला उचलला, दिव्याखाली धरला.
अजून चकाकी होती.
खाली असे पुष्कळ आहेत, मी म्हणालो,
मग विरळ, मग बराच वेळ एकही नाही.

हे कुजलं कसं नाही?
मी ऑक्सिजनचं सांगू लागलो.
ते ऐकत नव्हते.
ज्या वासाला जन्मभर शिव्या घातल्या
त्याच्यावर वाकले
आणि बाळाची टाळू हुंगावी तसं हुंगलं.

जास्तीची मासळी आम्ही परत टाकायचो, म्हणाले.
मेलेली. फावड्यानं.
मुकादम म्हणायचा, टाका, समुद्र खाईल.

पिशवीतलं एक शेवंड अजून पाय हलवत होतं.
ताते दारापर्यंत गेले, थांबले.
नाही खाल्लं त्यानं, म्हणाले.
आणि संध्याकाळी लवकर ये, हे उकडायचंय.

मी थैलीवर क्रमांक घातला.
खोली किती, त्या रकान्यात सेंटीमीटर लिहिले,
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
ह्यावर पेन थोडा वेळ अडला.
बाहेर पत्रे वाजायला लागले होते.
वारा दक्षिणेचाच.